इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ : आक्षेप आणि स्वरूप

इंग्रजी गद्यलेखनाच्या शिक्षणात गेल्या शंभर वर्षांत जेवढी मान्यता एका उपदेशास लाभली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या उपदेशास लाभली असेल. ‘पॅसिव्ह व्हॉइस टाळावा’ हा तो उपदेश होय. कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी खासगी रीतीने छापलेल्या छोट्या लेखनपुस्तिकेत तो नियमरूपाने आला. त्यांचेच माजी विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली त्या पुस्तिकेची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली आणि तेथून तो अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पोहोचला. दरम्यान १९४६ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात, अ‍ॅक्टिव्ह वापरणे शक्य असेल तेथे पॅसिव्ह कधीही वापरू नये, असा निर्वाळा दिला. आपल्याकडील इंग्रजीच्या अध्यापकांनीही हा उपदेश शिरोधार्य मानला असून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आणि प्रबंधांच्या मसुद्यांत त्यापायी लाल रेघा ओढल्या जातात. एखादी रचना सदोष ठरविण्यापूर्वी ती रचना कोणती, ती भाषेत कशासाठी आली आणि दोष खरोखर तिचाच आहे काय, हे पाहणे आवश्यक असते. या उपदेशाच्या बाबतीत ते पुरेसे झालेले नाही.

प्रथम रचनेच्या ओळखीचाच प्रश्न घ्यावा. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या पुस्तिकेत या नियमाखाली टाळण्याजोग्या आणि स्वीकारण्याजोग्या वाक्यांच्या चार जोड्या दिल्या आहेत. वाचकाची साहजिक समजूत अशी होते की, टाळण्याजोगी चारही वाक्ये पॅसिव्ह असावीत. प्रत्यक्षात कोंबड्याचे आरवणे ऐकू येण्याविषयीचे एकच वाक्य तसे आहे. जमिनीवर पडलेल्या पानांचे वाक्य केवळ अस्तित्ववाचक आहे. महाविद्यालय सोडण्याच्या कारणासंबंधीच्या वाक्यात संयोजक क्रियापद आहे. बोलल्याचा लवकरच पश्चात्ताप झाल्याच्या वाक्यातही पॅसिव्हचा लवलेश नाही. एडिंबरो विद्यापीठातील व्याकरणकार जेफ्री पुलम यांनी २००९ साली, म्हणजे व्हाइट यांच्या आवृत्तीस पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, या गोष्टीकडे कठोर शब्दांत लक्ष वेधले. त्यांची भाषा काहीशी अधिक तिखट होती, हे खरे. परंतु मुद्दा निरुत्तर करणारा आहे. ज्या नियमाची उदाहरणेच नियमाबाहेरची आहेत त्या नियमाने विद्यार्थ्याला पॅसिव्ह ओळखावयास कसे शिकवावे? परिणाम असा झाला की, ‘बी’ या धातूचे कोणतेही रूप दिसले की ते वाक्य पॅसिव्ह समजून खोडणारे संपादक आणि अध्यापक निर्माण झाले. स्ट्रंक यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे नमूद केले पाहिजे की, पॅसिव्ह मुळीच वापरू नये असे त्यांनी म्हटलेले नाही. तो सोयीचा आणि प्रसंगी अपरिहार्य असतो, हे त्यांनी नियमालगतच मान्य केले आहे. पुस्तिकेच्या अनुयायांनी नियम घेतला आणि अपवाद मागे ठेवला.

ऑर्वेल यांचा निबंध अधिक विचारणीय आहे, कारण त्यांचा आक्षेप केवळ शैलीचा नसून नीतीचा आहे. सत्ताधाऱ्यांची भाषा कर्त्याला पडद्याआड ढकलते आणि अत्याचाराला सौम्य नाव देते, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. परंतु त्या निरीक्षणाचा पुरावा त्यांच्या नियमाच्या विरुद्ध जातो. निबंधाच्या अगदी पहिल्या वाक्यात, भाषेच्या अवनतीवर उपाय नाही असे सामान्यतः मानले जाते, या अर्थाची पॅसिव्ह रचना आहे. ज्या वाक्यात पॅसिव्हच्या अतिवापराबद्दल ते तक्रार करतात ते वाक्य स्वतःच पॅसिव्ह आहे. मेरियम-वेब्स्टर संस्थेच्या इंग्रजी प्रयोगकोशात (१९८९) या निबंधातील पॅसिव्ह रचनांचे प्रमाण शेकडा वीसहून थोडे अधिक दिले असून, निरनिराळ्या नियतकालिकांच्या मोजणीत आढळलेले सर्वाधिक प्रमाण शेकडा तेरा असल्याचे त्याच ठिकाणी सांगितले आहे. हे दाखवून ऑर्वेल यांची चेष्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलीही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे.

निबंधातील सर्वांत परिणामकारक परिच्छेद तो, ज्यात निराधार खेड्यांवर विमानांतून होणारा मारा, रहिवाशांची हकालपट्टी, गुरांची हत्या आणि झोपड्यांची जाळपोळ यांचे वर्णन करून या सर्वांस ‘पॅसिफिकेशन’ म्हणतात असे सांगितले आहे. त्या परिच्छेदातील वर्णनाची क्रियापदे एकामागून एक पॅसिव्ह आहेत. कर्ता कोठेही उच्चारलेला नाही. तरीही वाचकाची फसवणूक होत नाही. उलट खेडी, माणसे, गुरे, झोपड्या वाक्याच्या अग्रभागी येऊन उभी राहतात आणि त्यांच्यावर काय गुदरले हे डोळ्यांपुढे येते. असत्य आहे ते ‘पॅसिफिकेशन’ या नामात. क्रियापदाचे नाम बनले की कर्ता, कर्म, काळ आणि रीती ही सर्वच गळून पडतात. ऑर्वेल यांनी रोग ओळखला, त्याचे स्थानही दाखविले, पण औषधाच्या चिठ्ठीवर भलत्याच अवयवाचे नाव लिहिले. कर्ता लपविण्याचा आळ नाम बनविण्याच्या क्रियेवर यावयाचा तो पॅसिव्हवर आला.

हा आळ इतक्या सहजपणे येण्यास ‘पॅसिव्ह’ हे नावही काही अंशी जबाबदार असावे. लॅटिनमधील ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूपासून ते निघाले. लॅटिनमध्ये क्रियापदाला या अर्थाचे स्वतंत्र प्रत्यय आहेत. इंग्रजीत तसा एकही प्रत्यय नाही. ‘बी’ हे साहाय्यक आणि भूतकाळवाचक धातुसाधित यांच्या जुळणीने इंग्रजी आपले काम भागविते. परंतु इंग्रजीचे आरंभीचे व्याकरण लॅटिनच्या साच्यात ओतले गेले, त्यामुळे नावही तेच राहिले आणि नावाबरोबर दुबळेपणाची, निष्क्रियतेची छटा आली. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे कर्तबगार आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे गळाठलेला, असे नीतिशास्त्र व्याकरणात शिरले. संस्कृत व्याकरणाने या भेदास दिलेली नावे या दृष्टीने निर्दोष आहेत. कर्तरि, कर्मणि, भावे ही सप्तमीची रूपे एवढेच सांगतात की, क्रियापदाचा प्रत्यय कोणाचा निर्देश करतो. पाणिनीच्या व्यवस्थेत प्रत्ययाने जे कारक ‘अभिहित’ झाले ते प्रथमेत राहते आणि जे ‘अनभिहित’ राहिले त्यास आपापली विभक्ती लागते. येथे कोणी सबळ नाही, कोणी दुर्बल नाही.

तथापि संस्कृतची ही चौकट इंग्रजीवर जशीच्या तशी बसविता येत नाही, आणि येथेच इंग्रजी पॅसिव्हचे खरे मर्म आहे. संस्कृतात विभक्तिप्रत्ययांमुळे पदांचा क्रम बराचसा मोकळा असतो. कर्म वाक्याच्या आरंभी आणावयाचे असेल तर प्रयोग बदलण्याची गरज नाही. प्राचीन इंग्रजीतही विभक्ती होत्या. त्या झिजून गेल्यावर क्रियापदाच्या आधीचे नाम कर्ता आणि नंतरचे नाम कर्म, असा स्थानाचा नियम झाला. अशा भाषेत जे सोसते त्याच्यापासून वाक्य सुरू करावयाचे असेल तर क्रियापदाचे रूप बदलणे हाच मुख्य मार्ग उरतो. मागील वाक्यात ज्याविषयी बोलणे चालले होते तेच पुढील वाक्याच्या आरंभी यावे, ही सुबोध गद्याची स्वाभाविक गरज आहे. ही गरज मराठी पदांची नुसती अदलाबदल करून भागविते, तर इंग्रजी पॅसिव्ह वापरून.

डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या ग्रंथात पॅसिव्हच्या वापरामागील कारणे सांगितली आहेत : कर्ता ठाऊक नसणे, तो संदर्भावरून उघड असणे, त्याचा उल्लेख संकोचामुळे टाळणे, कर्माविषयी अधिक आस्था असणे आणि एक वाक्य दुसऱ्याशी सुलभतेने जोडता येणे. यांपैकी संकोच हे एकच कारण आक्षेपकांच्या नजरेस पडले आहे. येस्पर्सन यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मोजणीचा जो निष्कर्ष दिला आहे त्याप्रमाणे, निरनिराळ्या लेखकांच्या पॅसिव्ह वाक्यांपैकी शेकडा ७० ते ९४ वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. म्हणजे ‘बाय’ लावून कर्ता शेवटी बसविलेले जे वाक्य शालेय पुस्तकात नमुना म्हणून दिले जाते ते प्रत्यक्ष भाषेत अल्पसंख्य आहे.

या रचनेचा इतिहास पाहिला असता नियमकारांविषयी सावध राहण्यास आणखी एक कारण मिळते. प्राचीन इंग्रजीत पॅसिव्हसाठी दोन साहाय्यके होती : एक ‘असणे’ या अर्थाचे आणि दुसरे ‘होणे’ या अर्थाचे ‘वेओर्थन’. जर्मन भाषेने आपले ‘वेर्डेन’ टिकविले. इंग्रजीने दुसरे गमावले. म्हणून ‘द डोअर वॉज शट’ या वाक्याने दार बंद स्थितीत होते असाही अर्थ होतो आणि ते कोणी बंद केले असाही होतो. कर्त्यापूर्वीचे शब्दयोगी अव्ययही बदलत गेले. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात येशूला योहानाकडून बाप्तिस्मा मिळाल्याचे सांगताना आजच्या ‘बाय’च्या जागी ‘ऑफ’ आहे. घर बांधले जात आहे, हे सांगण्यासाठी इंग्रजी पूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणे. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी पत्रांतून दिसू लागते; कवी सदी यांच्या १७९५ च्या पत्रातील, न्हाव्याकडून दाढ उपटली जात असल्याचे वाक्य त्यासाठी नेहमी दाखविले जाते. एकोणिसाव्या शतकातील शुद्धिवाद्यांना ही रचना असह्य वाटली. रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० मधील आपल्या ग्रंथात तिच्या धिक्कारासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले. आज तिच्यावाचून इंग्रजी वृत्तपत्राचे एक पानही छापता येणार नाही, आणि त्या प्रकरणाची आठवण इतिहासकारांखेरीज कोणास नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र या सर्वांहून निराळी अडचण येते. तो इंग्रजी पॅसिव्ह शिकतो तो मराठीतील कर्मणी प्रयोगाच्या द्वारे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे कर्मणी, म्हणून ते पॅसिव्ह, असे समीकरण त्याच्या मनात ठसते. ऐतिहासिक दृष्ट्या या समीकरणास आधार आहे : ‘रामेण आम्रः खादितः’ या संस्कृत कर्मणि रचनेचीच ती संतती होय. परंतु संततीने घराणे बदलले आहे. ‘रामाने घरी येऊन आपला आंबा खाल्ला’ या वाक्यात घरी येणारा रामच आहे आणि ‘आपला’ हेही रामाचेच. क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत असले तरी वाक्याचा धनी रामच राहिला आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये हे पालटते. तेथे ‘कमिंग होम’ हे धातुसाधित आरंभी ठेवून पुढे ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे म्हटले तर घरी आंबा आला, असा हास्यास्पद अर्थ निघतो. तेव्हा मराठीतील हा प्रयोग म्हणजे भूतकाळातील साधे, सकर्मक, कर्तृप्रधान वाक्य होय. मराठी व्याकरणाने त्यास ‘प्रधानकर्तृक कर्मणी’ हे नाव दिले आहे, ते अत्यंत यथार्थ आहे. दुर्दैवाने इंग्रजीच्या तासाला त्याचा कोणी उपयोग करीत नाही. इंग्रजी पॅसिव्हशी जवळचे नाते असलेली मराठी रचना ‘रावण मारला गेला’ ही आहे. ‘नवीन कर्मणी’ या नावाने शालेय व्याकरणात ती येते आणि इंग्रजीच्या धर्तीवर बनलेली म्हणून तिची ओळख करून दिली जाते. ‘जाणे’ या साहाय्यकाची रचना हिंदीसारख्या भगिनीभाषांतही रूढ असल्याने ती समग्र इंग्रजीची देणगी मानणे कठीण आहे. इंग्रजीच्या भाषांतराने बळावले ते त्यातील ‘कडून’.

या गोंधळाचे फळ भाषांतरात दिसते. ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असे करतो. इंग्रजी वाक्याचे प्रयोजन आंब्यापासून आरंभ करून राम हे नवे ज्ञान शेवटी देणे, हे आहे. मराठीत ते ‘आंबा रामाने खाल्ला’ एवढ्याने पूर्ण होते, कारण मराठीत भर पडतो तो क्रियापदाच्या लगत आधी आलेल्या पदावर. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेपासून आजच्या मार्गदर्शक पुस्तकांपर्यंत वाक्यामागे वाक्य उलटविण्याचा जो अभ्यास चालत आला आहे, त्यात पदक्रमाचा हा विचार फारसा डोकावत नाही. ‘पोलिसांकडून आरोपीला अटक करण्यात आली’ अशी वृत्तपत्री वाक्ये त्याच वाटेने आली आहेत. ‘पोलिसांनी आरोपीला अटक केली’ यात कोणती उणीव होती, ते समजणे कठीण आहे.

वाक्य उलटविण्याच्या या अभ्यासामागे आणखी एक गृहीत आहे : अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह यांचा अर्थ एकच. नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये पॅसिव्ह हे रूपांतर म्हणून मांडले तेव्हाच या गृहीताला छेद देणारे उदाहरणही दिले. खोलीतील प्रत्येकास किमान दोन भाषा येतात, या अर्थाच्या वाक्यात प्रत्येकाच्या दोन भाषा निरनिराळ्या असू शकतात. तेच पॅसिव्ह केले की त्या दोन भाषा सर्वांच्या समान असाव्यात, असा अर्थ प्रबळ होतो. मराठीत ‘या खोलीतील प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात’ आणि ‘किमान दोन भाषा या खोलीतील प्रत्येकाला येतात’ अशी दोन वाक्ये शेजारी ठेवली तर हाच फरक जाणवतो. आणि येथे प्रयोग तर बदललेलाच नाही. अर्थाचा हा भेद क्रमातून उत्पन्न झाला आहे. इंग्रजीत क्रम बदलण्यासाठी पॅसिव्हचा आश्रय करावा लागला, म्हणून तो पॅसिव्हचा परिणाम भासला. अध्यापकाने फळ्यावर लिहिण्यास याहून सोईस्कर उदाहरण सापडणे कठीण.

आता कर्ता लपविण्याच्या मूळ आरोपाकडे वळावयास हवे, कारण या विषयातील गांभीर्य तेथेच आहे. राजकारणी पुरुष ‘मिस्टेक्स वेअर मेड’ असे म्हणून सुटतात, हे पॅसिव्हविरोधकांचे आवडते उदाहरण. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८७ च्या जानेवारीतील काँग्रेसपुढील भाषणात हे शब्द वापरले, आणि त्यांची बरीच निर्भर्त्सना झाली. परंतु अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ च्या डिसेंबरमधील आपल्या वार्षिक संदेशात जवळजवळ हेच शब्द लिहिले, आणि चुका झाल्याचे आपणही कबूल करतो, अशी पुस्ती त्याच वाक्यात जोडली. रचना एकच असता एका ठिकाणी पलायन दिसावे आणि दुसऱ्या ठिकाणी कबुली, यावरून रचनेचा दोष सिद्ध होत नाही. शिवाय पॅसिव्ह वाक्य कर्त्याची जागा रिकामी ठेवते, ती बुजवीत नाही. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हटल्याबरोबर ‘बाय हूम’ हा प्रश्न श्रोत्याच्या ओठी येतो. पॅसिव्हविरोधी उपदेश ज्यांना पाठ आहे त्यांनाही तो येतो, हेच लक्षणीय.

याउलट अकर्मक क्रियापद ती जागाच नाहीशी करते. याच वाक्याचे स्वाभाविक मराठी रूप ‘चुका झाल्या’ असे आहे. हा शुद्ध कर्तरी प्रयोग होय. ‘चुका’ हाच कर्ता. येथे ‘कोणाकडून’ असे विचारता येते, पण वाक्याची रचना तो प्रश्न मागत नाही; चुका जणू पावसासारख्या आपोआप झाल्या. ‘विलंब झाला’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रकरण प्रलंबित आहे’, ‘गोळी सुटली’ ही सारी वाक्ये कर्तरी आहेत आणि पॅसिव्हवर लाल रेघ ओढणाऱ्या परीक्षकाच्या हातून ती सर्व निसटतात. शासकीय मराठीतील ‘करण्यात येत आहे’ या रचनेस मात्र सगळेच नावे ठेवतात. ती कंटाळवाणी आहे, यात शंका नाही. संशोधनपत्रिकांतही तिचा सुकाळ असतो. पण शासननिर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून खाली अधिकाऱ्याची सही असते. राज्याच्या कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्हाव्यात, ही संविधानाच्या १६६ व्या अनुच्छेदाची तरतूद आहे. तेथे कर्ता वाक्यात नसला तरी दस्तऐवजात आहे. जबाबदारी शोधणाऱ्याने त्या निर्णयाऐवजी त्यानंतर वर्षभराने आलेल्या ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तराकडे अधिक संशयाने पाहावे.

पॅसिव्हवर घेण्याजोगे आक्षेप नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रयोगकोशात दुहेरी पॅसिव्हवर स्वतंत्र नोंद लिहिली आहे. ‘द ऑर्डर वॉज अटेम्प्टेड टु बी कॅरिड आउट’ अशा धर्तीच्या वाक्यात एका पॅसिव्हवर दुसरा चढविलेला असतो आणि प्रयत्न हुकमाचा झाला की अंमलबजावणीचा, हे गुलदस्त्यात राहते. हा आक्षेप नेमका आहे. तो एका विशिष्ट रचनेपुरता आहे आणि सदोष वाक्य कसे दुरुस्त करावे हेही त्यातून कळते. शास्त्रीय लेखनाबाबतही असाच विवेक हवा. प्रयोगाची कृती सांगताना द्रावण कोणी तापविले याला महत्त्व नसते, तेथे पॅसिव्ह योग्यच; परंतु अनुमान काढले कोणी, हा प्रश्न जेथे येतो तेथे ‘वुई’ लिहिण्यास संकोच नसावा. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेवरील आपल्या छोट्या निबंधाचा आरंभ ‘वुई’ या शब्दानेच केला आहे.

पाठ्यपुस्तकांत या विषयास जी पाने मिळतात त्यांचा विनियोग म्हणून वेगळ्या रीतीने होणे इष्ट आहे. ‘हॅव’, ‘रिझेंबल’, ‘कॉस्ट’ यांसारखी क्रियापदे कर्मासारखे पद घेऊनही पॅसिव्ह का होत नाहीत. ‘बॉर्न’ आणि ‘रूमर्ड’ यांचा वापर जवळजवळ पॅसिव्हमध्येच का होतो. ‘ही वॉज गिव्हन अ बुक’ या वाक्यात पुस्तक मिळालेला माणूस कर्त्याच्या जागी कसा आला. ‘द बेड वॉज स्लेप्ट इन’ असे म्हणता येते तेव्हा मराठीत कोणती तडजोड करावी लागते : हे प्रश्न विद्यार्थ्याच्या कुतूहलास चालना देणारे आहेत. आज त्यांच्या जागी संदर्भ नसलेली सुटी वाक्ये असतात आणि ती उलटविण्यास सांगितलेले असते. त्याऐवजी चार-पाच वाक्यांचा सलग परिच्छेद द्यावा, त्यातील एक वाक्य रिकामे ठेवावे आणि मागच्या-पुढच्या वाक्यांशी कोणते रूप जुळते ते निवडावयास सांगावे. असा प्रश्न तयार करण्यास परीक्षकाला अधिक वेळ लागेल आणि तपासण्यासही लागेल. सध्याच्या पद्धतीच्या चिवटपणाचे हेही एक कारण असू शकेल.